आतल्या शिवणीची गाठ

त्या रविवारी सकाळी दस्तगीर मास्तरांनी माझ्या हातात शैलावहिनींची पिशवी दिली. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ती माझ्याकडून घेतली. मी माझी पिशवी मास्तरांच्या हातातून घेतली आणि घरी आलो. नऊ वाजता मास्तरांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

एवढंच झालं. ओट्यावर उभ्या असलेल्यांपैकी कुणाला विचारलं तर त्यांना ते आठवणारही नाही. मला मात्र तो दिवस बाजूला ठेवता येत नाही.

मास्तर उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रस्त्याकडेला शिवणकाम करायचे. आमच्याकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, म्हणून मी सर. त्यांचं दुकान एका खोलीचं, आणि त्यामागेच त्यांचं घर. मधे फरशी घातलेला बोळ. बायको वारल्यावर मास्तर एकटेच राहत. मुलगी शमा मिरजेला दिलेली. मास्तर उंच, किडकिडीत. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. बोलायचे कमी. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की टेप छातीभोवती घालून नुसते थांबायचे. मी एकदा विचारलं, कशाची वाट बघता?

“टेप लावली की मानूस छाती फुगवतो, सर. समदेच फुगवतात. तवा घेतलेलं माप खोटं. मी गप उभा ऱ्हातो. दमून श्वास सोडतो तवा खरं माप.”

ते माणसांशीही असेच वागत. समोरचा फुगलेला असेपर्यंत बोलायचे नाहीत.

भाजीचं काम सुरू झालं ते बाजार बंद होते त्या महिन्यांत. मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र आनंदा, लष्करातून सुभेदार होऊन परत आलेला. गाव त्याला सुभेदारच म्हणतं. नदीकाठी त्याचं तीस गुंठ्यांचं रान आहे, चारी बाजूंना भावकीचा ऊस. त्या वर्षी ऊस तुटल्यावर त्यानं तिथं भाजी केली आणि काढणीच्या वेळीच बाजार बंद झाले. फ्लॉवर रानात पिवळा पडू लागला. मास्तरांचं मशीनही बंदच होतं. लग्नं नव्हती, शाळा नव्हत्या, कुणाला नवे कपडे नको होते. सुभेदार दुकानाच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि शिव्या घालायचा. कुणाला, ते ठरलेलं नसायचं.

मास्तर म्हणाले, “माझ्याकडं मापाची वही हाय. हितं गावातली घरं हायत, त्यांचं फोन हायत. कुणाच्या घरात खानारी तोंडं किती, ते मला मापावरनं ठावं हाय.”

त्यांनी वहीतून फोन लावले. भाजी विकायचा निरोप त्यांनी दिलाच नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच. सुभेदार ऊस न घालता वर्षभर भाजी करील. तुम्ही वर्षभर, रान देईल ते घ्याल का? निवडायचं नाही. गारपीट झाली तर कमी येईल, शेपू जास्त झाली तर शेपू येईल. छत्तीस घरं हो म्हणाली. आमच्या घरातून नलूनं, माझ्या बायकोनं, हो म्हटलं. मी तेव्हा पुस्तक वाचत होतो.

त्या दिवसांत एकाची वस्तू दुसऱ्यानं हाताळायची नाही असं होतं, म्हणून प्रत्येक घराला आपली पिशवी हवी होती. कापडाची दुकानं बंद. मास्तर म्हणाले, ज्यानं त्यानं घरातलं जुनं कापड द्यावं. कुणी चादर दिली, कुणी मुलाचा खाकी गणवेश, कुणी सासऱ्यांचं धोतर. आतून पोत्याचं अस्तर लावून मास्तरांनी छत्तीस पिशव्या शिवल्या आणि दुकानाच्या भिंतीवर छत्तीस खिळे ठोकले. पिशवीवर नाव नव्हतं. बघितलं की कळायचं, हे धोतर म्हणजे कुलकर्ण्यांचं, ही फुलाफुलांची चादर म्हणजे मुजावरांची. शनिवारी संध्याकाळपर्यंत रिकामी पिशवी नेऊन द्यायची, रविवारी सकाळी सात ते नऊ भरलेली न्यायची.

नलूनं साडी दिली. कुंडलला एका लग्नात वधूच्या आईनं आहेराला एकाच गठ्ठ्यातल्या साड्या आणल्या होत्या. पोत एक, काठ एक, नुसते रंग वेगळे. नलूला हिरवी आली, शेजारच्या शैलावहिनींना डाळिंबी. दोघींनीही ती कधी नेसली नाही. आहेराच्या साड्यांचं जे होतं ते झालं: दोघींनी त्या पिशवीला दिल्या, आणि एकमेकींना सांगितलं तेव्हा खूप हसल्या.

पिशवीच्या तोंडाला मास्तरांनी नाडी घातली होती. नाडी ओट्यावर सोडायची नाही, घरी जाऊनच सोडायची, हा त्यांचा नियम. शैलावहिनी एकदा म्हणाल्या, “आवं मास्तर, आत काय हाय ते तरी बघू द्या की. लग्नातली नवरी हाय व्हय?”

“नवरीच हाय. घरी न्या, मग तोंड बघा. पसंत न्हाई पडली तरी परत घेनार न्हाई.”

ओट्यावर सगळे हसले. वहिनी घरी गेल्या आणि शेपू निघाली.

सगळ्या पिशव्या सारख्या भरलेल्या नसायच्या. हे समजायला मला दोन वर्षं लागली. कुणाच्या सुनेला दिवस गेले की तिच्या पिशवीत पालक वाढायचा. कुणाला साखर निघाली की कारली. मुजावरांच्या घरी म्हातारीला दात नव्हते, तिथं दुधी कोवळा जायचा. मास्तर कुणाला विचारायचे नाहीत आणि सांगायचे नाहीत. नलू गेली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपली पिशवी अर्धी येईल. ती पूर्वीसारखीच भरलेली आली. मी एकटा माणूस, भाजी सुकून जायची, पण परत न्यायचा नियम नव्हता. पुढच्या रविवारी एक जुडी कमी होती. त्याच्या पुढच्या रविवारी दोन वांगी कमी. एका माणसाच्या मापाला यायला त्या पिशवीला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत माझ्याशी त्याहून हळू कुणी वागलं नाही.

शमाच्या दुसऱ्या बाळंतपणाला मास्तर दोन रविवार मिरजेला गेले, ती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथंच अडकलं. मास्तर नाहीत म्हणून आम्ही काहीजणांनी वाटप हाती घेतलं. शैलावहिनींनी वजनकाटा आणला. मी रजिस्टर केलं; प्रत्येक घराचा रकाना आखला. आम्हाला वाटलं, आपण व्यवस्था लावतोय. वजन करायचं म्हणून पिशव्या ओट्यावरच उघड्या राहिल्या. उघड्या राहिल्या म्हणून लोकांनी एकमेकांच्या पिशवीत बघितलं. त्यांना दोन गड्डे आणि आम्हाला एक का? याला कीड आहे. मला वांगी नकोत, त्यांची गवार द्या. दुसऱ्या रविवारी नऊ वाजता ओट्याच्या पायरीवर शेपूचा ढीग तसाच पडला होता. ज्यानं त्यानं आपली जुडी काढून ठेवली होती.

सुभेदार कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे बघत राहिला. मग वाकून एकेक जुडी उचलून टेम्पोत टाकली.

“म्हशी खातील,” तो म्हणाला. “म्हशीला निवडायची अक्कल न्हाई.”

मास्तर परत आल्यावर तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. मी तिथंच होतो. “दस्तगीर, सरळ सांगतो. तू हाईस तवर भाजी. तू न्हाईस, तर ऊस. ऊस कुनाच्या दारात नेऊन उभा करावा लागत न्हाई. कारखान्याची टोळी येती, तोडून नेती. एकदा घातला की तीन वर्सं बघायला नको.”

मास्तर म्हणाले, “मी कुटं जातोय?”

आणि ते खरंच कुठं गेले नाहीत. त्यानंतर एकही रविवार त्यांनी सोडला नाही. शमा बोलवायची, नातवाचं जावळ झालं, वाढदिवस झाले, ती रुसली. मास्तर म्हणायचे, “चुलीवर दूध ठिवल्यागत हाय बेटा. बाजूला व्हता येत न्हाई.” हळूहळू ते आठवड्यातल्या बाकीच्या दिवशीही कुठं जाईनासे झाले. बोळातून दुकान, दुकानातून बोळ. शर्ट शिवायला घेणं बंद केलं, फक्त दुरुस्ती. चहा सांगितला तर टपरीवर यायचे नाहीत, “हितंच आना” म्हणायचे. आम्ही कौतुकानं सांगायचो, मास्तर दुकान सोडत नाहीत. छत्तीस घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींनी त्यांचा फोटो टाकला होता, मशीनपुढं बसलेला, खाली छत्तीस जणांनी हात जोडले होते.

पिशवी देताना मास्तर तिचा कोपरा अंगठ्यात आणि बोटात धरून चोळायचे. मग म्हणायचे, “मुजावर.” पुढची पिशवी, पुन्हा कोपरा. “कुलकर्णी.” शिंप्याची सवय, आम्ही म्हणायचो. कापड हाती आलं की बोट फिरणारच. सुताराचं लाकडावर फिरतं तसं.

आता त्या रविवारकडे येतो.

मास्तरांनी माझ्या हातात डाळिंबी पिशवी दिली. मागून वहिनी म्हणाल्या, “आवं मास्तर, ती माझी. सरांची हिरवी.”

मास्तर हसले. “वय झालं.” ओट्यावर हसणं झालं. वहिनींनी माझ्याकडून पिशवी घेतली आणि वळल्या, मग परत फिरून म्हणाल्या, “बघा हं, का दोन्ही माझ्याच देताय,” आणि मजेनं ती परत मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तरांच्या एका हातात हिरवी पिशवी होती, एका हातात डाळिंबी. त्यांनी एकीचा कोपरा चोळला. मग दुसरीचा. मग बोट नाडीच्या फटीतून आत सरकवून एकीच्या आतल्या शिवणीवरून नेलं, मग दुसरीच्या. काहीतरी शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. नजर समोर, माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे. दोन पिशव्या, एक हिरवी आणि एक लाल, आणि त्यांना कळत नव्हतं कुठली कुणाची.

वहिनी बाजूच्या बाईशी बोलत होत्या. मी मास्तरांच्या डाव्या हातातली पिशवी घेतली. उरलेली त्यांनी वहिनींना दिली.

दुपारी मी गेलो. शटर अर्धं खाली होतं. मास्तर मशीनपुढं बसले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, “सर, तुमच्या पिशवीच्या आतल्या शिवणीला एक गाठ हुती. कुटं गेली?”

मला आठवलं. शुक्रवारी पिशवी धुऊन वाळत घालताना आत एक दोरा गाठ मारून सुटलेला दिसला. आयुष्यभर पुस्तकांच्या बांधणीतून सुटलेले दोरे कापत आलो. कात्री आणली आणि कापला.

“मी कापली,” मी म्हणालो.

मास्तर हसायला लागले. आवाज न करता, पुढं वाकून, बराच वेळ हसले. डोळे पुसले. “लय नीटनेटकं मानूस तुमी. नलूताईंनी दोन वर्सं ती गाठ बघितली, कवा हात लावला न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. डावा डोळा जाऊन तीन वर्षं झाली. उजव्यानं आधी नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, आता उजेड कळतो, माणूस हलला तर कळतं. सुई जिभेच्या टोकावर धरून ओवतात. चौतीस पिशव्यांचं कापड चौतीस तऱ्हेचं, त्यात चुकायचा प्रश्न नाही. अडचण फक्त दोन साड्यांची होती. म्हणून नलूनं पिशवीचा तुटलेला बंद दुरुस्तीला दिला तेव्हा त्यांनी तिच्या पिशवीत गाठ ठेवली.

“नलूला माहीत होतं?”

“इचारलं न्हाई तिनं. गाठीवरनं बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं असंल. मला काय दिसतंय.”

त्या आठवड्यात मी त्यांना मिरजेला नेलं. मंगळवारी, म्हणजे रविवारला धक्का नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही. उजव्यात जो उजेड शिल्लक आहे तो ऑपरेशननं राखता येईल, पण लवकर. त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दर आठवड्याला येऊन दाखवायचं. शमाचं घर त्या दवाखान्यापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले होते. कराड मागे पडलं तेव्हा म्हणाले, “म्हैना म्हंजी चार रविवार.”

“चार रविवार मी बघतो.”

“तुमी बघितलेलं म्या बघितलंय, सर.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “आता जेठ हाय. आखाड-सरावनात लोक उसाची लावण करतील. सुभेदाराच्या भावकीनं त्येच्या मागं टुमणं लावलंय, तुझं तेवढं रान का मोकळं, म्हून. आता त्याला कळलं दस्तगीर आंधळा झाला, तर तो उसाचं बेणं आनतोय. लावणीचा वखत टळू दे. मग मी तुमच्या म्हनन्यानं मिरजंला जातो. तवर दोघांतच ठिवा.”

मी हो म्हणालो.

त्या होकारावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला डॉक्टरांचं वाक्य समजलं होतं. लवकर म्हणजे काय, ते मास्तरांपेक्षा मला जास्त समजत होतं. मी वाचनालयात जाऊन त्यावर वाचलंही. मी शमाला फोन करू शकलो असतो. नंबर माझ्याकडे होता. केला नाही. मास्तरांना शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं सांगायला मला वेळ लागतो. नलूनंतर आठवड्यात एकच दिवस असा होता की ज्या दिवशी मला सकाळी उठून कुठं जायचं असायचं. मलाही रविवार हवा होता.

शनिवारी संध्याकाळपासून मी दुकानात जायला लागलो. सुभेदार टेम्पोतून क्रेट उतरवून गेला की मी मास्तरांच्या डावीकडे उभा राहायचो. ते पिशवी चोळून नाव सांगायचे, मी भाजी पुढं करायचो. भाजीचं तेच ठरवायचे. “घोरपड्यांना मेथी नको, पोराचं पोट बिघडलंय.” तुम्हाला कसं कळलं? “काल त्येची आई रस्त्यानं जाताना फोनवर बोलत हुती.” रविवारी गर्दीत कुणी काही हातात दाखवायला आणलं की मी आधी बोलायचो, “वा, शर्टाची कॉलर फाटली वाटतं,” म्हणजे मास्तरांना समजायचं. आमचं ते इतकं जमलं की मला त्यात मजाही वाटायची. शैलावहिनी कुणाला तरी सांगत होत्या ते मी ऐकलं, “सरांना विरंगुळा लागला बाई मास्तरांचा. बरं झालं.”

मी हायवेकडे तोंड करून उभा असायचो. गाड्या पुण्याकडे जायच्या, कोल्हापूरकडे जायच्या. मास्तर कधी कधी कान देऊन सांगायचे, ही मिरजेची एसटी. त्यातली एकही आमच्यासाठी थांबणार नव्हती. आम्ही दोघं त्या खोलीत छत्तीस खिळ्यांखाली उभे. ज्यांच्यासाठी उभे होतो ती माणसं चांगली होती, एकानंही आम्हाला धरून ठेवलं नव्हतं, आणि तरी बाहेर पडायला वाट नव्हती.

आषाढ गेला. श्रावण गेला. भोवतालच्या रानांत लावणी झाली; सुभेदारानं केली नाही. त्यानं वाल आणि दोडका घातला. मी म्हणालो, आता चला. मास्तर म्हणाले, वेल मांडवावर चढू दे, मग तो उपटत न्हाई. वेल चढला. मग गणपती आले. गणपतीत घराघरांत पाहुणे, पिशव्या मोठ्या लागतात. “येवढं हुद्या.”

गणपती झाल्यानंतरचा रविवार. सात वाजले होते. ओट्यावर अजून कुणी नव्हतं. सुभेदार शेवटचा क्रेट आत आणत होता. पूर्वेचं ऊन दाराशी न थांबता सरळ मशीनवर आलं होतं, मशीनचं चाक चमकत होतं. मास्तर उन्हातच बसले होते. त्यांनी मान वळवून मला विचारलं,

“सर, आज लाईट लावली न्हाई व्हय?”

मला वाटतं, मी बोललो असतो तरी उपयोग नव्हता. सुभेदारानं क्रेट खाली ठेवला. तो मास्तरांच्या समोर आला आणि त्यांच्या चेहऱ्यापुढे हात हलवला. मग खाली बसला, फरशीवर, क्रेटला टेकून.

“कवापासनं?”

मी सांगितलं. तीन वर्षं; मिरजेचे डॉक्टर; जेठ महिना; ऑपरेशन. लावणीचं कारणही सांगितलं.

सुभेदारानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाला, “मला का सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तू ऊस घातला असतास.”

“घातला असता,” सुभेदार म्हणाला. “घातला असता आनि तुला मिरजंला घिऊन गेलो असतो. ऊस तीन वर्सांनी निघतो, गड्या. मोडून भाजी केली असती परत.”

मास्तरांनी हात पुढं केला. त्यांना सुभेदाराचा खांदा सापडला. तो हात तिथंच राहिला. थोड्या वेळानं ओट्यावर पावलं वाजली आणि बाहेरून शैलावहिनींचा आवाज आला, “मास्तर, नवरी तयार हाय का?”

मास्तर उठले आणि त्यांनी पहिली पिशवी खिळ्यावरून काढली. त्या दिवशीचं वाटप त्यांनी पूर्ण केलं. एकही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि मी त्यांना शमाकडे सोडून आलो. डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशनचं नाव काढलं नाही. शमा दारापर्यंत आली. मला म्हणाली, “सर, तुमच्याकडे माझा नंबर होता ना?” मी हो म्हटलं. ती आत गेली.

मार्गशीर्षात मी त्यांना भेटायला गेलो. पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, गळ्यात टेप नव्हती. थोरला नातू शेजारी गणितं करत होता. मी नलूची पिशवी नेली होती, आत थोडा वाल. पिशवी मांडीवर ठेवताच त्यांनी कोपरा चोळला. मग बोट आतल्या शिवणीवर गेलं. तिथं मी नवी गाठ मारली होती.

“ही कुनी बांधली?”

“मी.”

“सैल हाय.” त्यांनी ती नखानं सोडवली, दोरा जिभेला लावून पीळ दिला आणि एका हातानं पुन्हा बांधली. मग विचारलं, “सुभेदार काय म्हनतो?”

शेपूच्या वेळी सांगितलं होतं त्याहूनही सरळ निरोप सुभेदारानं दिला होता, पण मला तो सांगवेना. मी म्हणालो, “भाजी आहे.” आणि मग, त्यांच्याशी आता काही लपवायचं नाही असं ठरवून आलो होतो म्हणून म्हणालो, “दहा गुंठे. बाकीच्यात बेणं घातलं.”

मास्तरांचं बोट गाठीवर थांबलं. बोलून झाल्यावर मी श्वास धरून ठेवला होता, हे मला श्वास सोडल्यावर कळलं. ते तेवढ्यासाठीच थांबले होते.

“दहाबी लय झालं,” ते म्हणाले. “वाल कोवळा हाय. मुजावरांच्या म्हातारीला द्यायचा हुता.”

मी निघालो तेव्हा ते पिशवीची घडी घालत होते. काठाला काठ लावून, न बघता, अगदी बरोबर. ती घडी त्यांनी माझ्या हातात दिली. हे मी त्यांना शेवटचं बघितलं. पौषात शमाचा फोन आला. झोपेतच गेले.

आता सुभेदाराच्या वीस गुंठ्यांत ऊस आहे आणि दहा गुंठ्यांत भाजी. घरं एकोणीस राहिली आहेत. दुकान बंद आहे. वाटप वाचनालयाच्या ओट्यावर होतं, ते मी करतो. पिशव्यांवर नावं लिहिली आहेत. माझ्या पिशवीवर नाव नाही. तिच्या आतल्या शिवणीला गाठ आहे.